चमच्याच्या पाठीवरचे शिक्के

ॲमस्टरडॅम शहरात वॉटरलूप्लेन नावाचा चौक आहे. तिथे जुना बाजार भरतो. ज्यांनी मुंबईचा चोरबाजार पाहिला आहे त्यांना हा बाजार वेगळा समजावून सांगायला नको. जुने कोट, बंद पडलेली घड्याळे, सायकलींची कुलुपे, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो, सगळे एकाच फळीवर. माझी भाची शिक्षणासाठी तिकडे असते. तिच्याकडे पंधरा दिवस राहायला गेलो असताना एका सकाळी आम्ही त्या बाजारात हिंडत होतो. तिने एका फळीवरून एक मोठा वाढायचा चमचा उचलला. विकणारा म्हणाला, चांदीचा आहे, जुना आहे. भाचीने पैसे मोजून दिले आणि चार पावले पुढे आल्यावर मला हळूच विचारले, "मामा, मी फसले का हो?"

हा प्रश्न आमच्या घराला नवा नाही. माझ्या कॉलेजच्या फीसाठी आईने चांदीच्या तोरड्या मोडल्या, तेव्हा मी तिच्याबरोबर होतो. सराफाने तोरडी काळ्या दगडावर घासली, रेघेकडे पाहिले आणि कस कमी आहे म्हणून तूट धरली. किती तूट, का, हे विचारण्याची सोय नव्हती. दगड त्याचा, तराजू त्याचा, डोळा त्याचा. आईने मान हलवली आणि नोटा पदराला बांधल्या. त्या तोरड्यांवर एक अक्षरही नव्हते. असते तर ती काही बोलली असती का, हे मला सांगता येणार नाही. पण बोलायला निदान जागा असती.

तेव्हा भाचीच्या हातातला चमचा मी उलटा केला. दांड्याच्या पाठीवर तांदळाच्या दाण्याएवढे चार ठसे होते. एकात सिंह आणि त्याच्याजवळ २ हा आकडा. एकात शिरस्त्राण घातलेले बाईचे डोके. एकात नुसते एक अक्षर. आणि चौथ्यात दोन-तीन बारीक अक्षरे. दांड्याच्या पुढच्या बाजूला मात्र वेगळेच, चांगले मोठे नक्षीदार 'पी' कोरलेले. हे पाचवे अक्षर मी तेव्हा फारसे मनावर घेतले नाही.

चार ठसे वाचायला फार विद्वत्ता लागत नाही, हे पुढच्या काही दिवसांत कळले. नेदरलँड्समध्ये १८१४ साली संपूर्ण राज्यासाठी एक पद्धत ठरली. सिंह म्हणजे धातूचा कस. सिंहाबरोबर १ असेल तर हजार भागांत ९३४ भाग चांदी, २ असेल तर ८३३ भाग. उरलेले तांबे. शुद्ध चांदी मऊ पडते, नखाएवढ्या जोरानेही वाकायला बघते, म्हणून तांबे मिसळावेच लागते. ते किती मिसळले एवढाच प्रश्न असतो. शिरस्त्राणातली बाई म्हणजे मिनर्व्हा ही रोमन देवता, आणि तिच्या शिरस्त्राणावर आणखी एक बारीक अक्षर असते. ज्या सरकारी कचेरीत वस्तू तपासली त्या कचेरीचे ते अक्षर. सुटे अक्षर म्हणजे साल. चौथा ठसा करणाऱ्या कारागिराचा. लहानसहान वस्तूंवर एवढे ठसे मावत नाहीत, तिथे सिंहाऐवजी छोटी तलवार मारत. चहाच्या चमच्यावर सहसा तीच सापडते. हे आकडे १९५३ साली बदलले आणि पहिला कस ९२५, दुसरा ८३५ झाला.

मी बी. कॉम. झालेला माणूस, मला हे ९३४ आणि ८३३ खटकले. सरळ ९०० आणि ८०० का नाही? उत्तर जुन्या मापात आहे. तिकडे शुद्ध चांदी बारा पेनिंगांची धरत, जसे आपण शुद्ध सोने चोवीस कॅरटचे धरतो. त्यातला हलका कस दहा पेनिंगांचा. दहाला बाराने भागा, ०.८३३ येते. वरचा कस अकरा पेनिंगांच्या थोडा वर, म्हणून ९३४. राज्य बदलले, राजा बदलला, दशमानाची मोजणी आली, पण कारागिरांच्या हातातले मिश्रण तेच राहिले आणि नव्या कायद्याने जुन्याच मापाला नवे आकडे लावले. ऑफिसात नवा फॉर्म आला तरी रकाने जुनेच असतात, तसे.

भाचीच्या चमच्यावरचे सालाचे अक्षर छापील तक्त्याशी जुळवले तेव्हा एकोणिसाव्या शतकाचा शेवट निघाला. दुसऱ्या कसाची, पण खरी चांदी. ती खूश झाली. माझे मात्र कुतूहल वाढले. ठसे १८१४ चे, मग त्याच्या आधी काय? तेव्हा लोकांनी ठरवले की चांदीच्या गावीच जाऊन यावे.

त्या गावाचे नाव स्खोनहोव्हन. तिथे रेल्वे नाही. एके काळी होती, ती १९४२ मध्ये बंद झाली. चीजसाठी प्रसिद्ध असलेल्या गौडा शहरापर्यंत आगगाडीने जायचे (तिथले लोक त्याला खौडा म्हणतात, घसा साफ केल्यासारखे) आणि पुढे बस. बसच्या दोन्ही बाजूंना सपाट हिरवी कुरणे, मधून पाण्याचे सरळ पाट, आणि काळ्या-पांढऱ्या गाई. रस्ता कुठे कुठे बांधावरून जातो आणि शेजारची जमीन पाण्याच्या पातळीपेक्षा खाली दिसते. आपल्याला सवय नसल्याने थोडे धसकायला होते.

गाव लहान. लेक नदीच्या काठी १६०१ ची एक वेस अजून उभी आहे, तिच्यातून बाहेर पडले की समोर पलीकडे जाणारी तर. गावाच्या मधोमध पाण्याचा अरुंद कालवा, त्याच्या काठाने जुनी घरे, आणि दर थोड्या अंतराने चांदीकामाचे दुकान किंवा कारखाना. धातुकाम शिकवणारी शाळा इथे आहे आणि नेदरलँड्सचे चांदीचे संग्रहालयही इथेच आहे. आपल्याकडे जसे पैठण म्हटले की पैठणी, तसे तिकडे स्खोनहोव्हन म्हटले की चांदी. फरक एवढाच की हातोडीचा आवाज ऐकायला आम्हाला बरेच शोधावे लागले. आता तिथेही कारागीर मोजकेच.

एका दुकानात एक मध्यमवयीन कारागीर बाई काम करत बसल्या होत्या. भाचीने चमचा दाखवला. त्यांनी भिंग डोळ्याला लावले आणि चार ठसे आपण वर्तमानपत्राचा मथळा वाचतो तसे वाचून दाखवले. मग तासभर आम्हाला जुना काळ समजावला. भाची भाषांतर करत होती, मी वहीत लिहून घेत होतो.

१८१४ च्या आधी आणि शेकडो वर्षे हे काम शहराशहरांतल्या सोनार-चांदीवाल्यांच्या संघाकडे होते. संघाला तिकडे गिल्ड म्हणतात. प्रत्येक शहराचा आपला ठसा. ॲमस्टरडॅमचा ओळखायला सर्वांत सोपा, एकाखाली एक तीन फुल्या आणि वर मुकुट. त्या शहराच्या रस्त्यावरच्या खांबांवरही याच तीन फुल्या असतात. हेग शहराचा करकोचा, चोचीत मासा धरलेला. हार्लेमची उभी तलवार आणि भोवती तारे. म्हणजे अक्षरओळख नसलेल्या बाईलाही भांडे उलटे करून गाव सांगता यावे. १६६३ पासून हॉलंड प्रांतात चांगल्या कसाच्या भांड्यावर मुकुटधारी सिंह मारू लागले. शिवाय कारागिराचा ठसा. जुन्या काळी तो फूल, पक्षी, हत्यार असा काहीही असे, पुढे नावाची अक्षरे आली. कारागीर संघात दाखल झाला की तो आपला ठसा एका धातूच्या पत्र्यावर मारून ठेवी आणि शेजारी त्याचे नाव लिहीत. आपण बँकेत सहीचा नमुना देतो, तेच. ज्या शहरांचे पत्रे टिकले तिथल्या कारागिरांची नावे आज सांगता येतात. जिथे हरवले, तिथे सुंदर भांडे हातात आहे, ठसा स्वच्छ आहे आणि माणूस नाहीसा झाला आहे, असे होते.

आणि सालाचे अक्षर. इथे मी वही खाली ठेवली. आम्हाला सगळ्यांना वाटते की सालाचे अक्षर साल कळावे म्हणून मारत असतील. जुन्या वस्तू गोळा करणारे आज त्याचा उपयोग तसाच करतात. पण ते सुरू झाले सोळाव्या शतकाच्या आरंभी आणि त्याचे कारण वेगळेच होते. संघ दरवर्षी काही परीक्षक नेमी. वस्तू कसाला उतरली की नाही हे ते ठरवत. परीक्षक बदलले की अक्षर बदले. उद्या एखाद्या भांड्यात तांबे जास्त निघाले आणि त्यावर शहराचा ठसा असला, तर कारागीर तर सापडेच, पण त्याला पास करणारा कोण, हेही त्या अक्षरावरून धरता येई. अक्षर परीक्षकाच्या मानगुटीवर बसवलेले होते. गिऱ्हाईकाला तारीख कळणे हा त्याचा जोडफायदा.

पंचवीस वर्षे मी ऑफिसात कागदांवर आद्याक्षरे करतो आहे. फाइलवर आद्याक्षर करताना प्रत्येक कारकुनाचा हात क्षणभर थांबतो, तो का थांबतो ते कुणाला समजावून सांगावे लागत नाही. ज्या खात्यात आद्याक्षर कुणाचे ते वाचता येत नाही त्या खात्यात कामे कशी होतात, तेही वाचकांना माहीत आहे.

या अक्षरामुळे तारीख काढणाऱ्याला मात्र दोन अडचणी येतात. अनेक शहरांत परीक्षक वर्षाच्या मधेच बदलत, त्यामुळे एक अक्षर दोन इसवी सनांवर पसरते. आपले आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असते, तसेच समजा. दुसरी अडचण अशी की वर्णमाला संपली की पुन्हा पहिल्यापासून. तीनशे वर्षांत तेच अक्षर अनेकदा येणार. मग अक्षराचे वळण, भोवतीच्या चौकटीचा आकार, वरचा मुकुट, कारागीर केव्हा होऊन गेला, भांड्याची घडण कोणत्या काळाची, हे सगळे एकमेकांशी ताडून पाहावे लागते. एकटे अक्षर काहीच सांगत नाही. आधी शहर, मग कारागीर, मग अक्षर, या क्रमाने गेले तरच साल हाती लागते. एलियास फूत नावाच्या अभ्यासकाने १९१२ साली ॲमस्टरडॅमच्या खुणांचे पुस्तक काढले, तेव्हापासून हे काम कानगोष्टींवरून तक्त्यांवर आले.

बाईंनी मग एका जुन्या भांड्याचे बूड दाखवले. ठशांच्या शेजारी एक वेडीवाकडी नागमोडी रेघ. मला वाटले कुणी तरी चाकूने ओरखडा काढला. ती परीक्षकाची खूण निघाली. तो अणकुचीदार हत्याराने तळातून चांदीची बारीक कीस काढून घेई. कीस तोलायची, शिशात गुंडाळायची, हाडांच्या राखेच्या छोट्या वाटीत ठेवून भट्टीत घालायची. शिसे वितळते, तांब्याला बरोबर घेते आणि दोघे राखेत मुरतात. वाटीत उरतो चांदीचा एक मणी. तो तोलला की हिशेब संपला. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून नुसता अंदाज येतो, तो बघणाऱ्याच्या डोळ्यावर असतो. भट्टीतल्या मण्याचे वजन कुणीही करावे. आईच्या तोरड्यांची रेघ मला तिथे आठवली.

आता फसवणुकीचे. भाचीचा खरा प्रश्न तोच होता. बाई हसून म्हणाल्या की ठसे खोटे नसतीलच असे कोण म्हणेल? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंड-अमेरिकेच्या श्रीमंतांना जुनी डच चांदी हवी होती आणि जुनी चांदी तर मोजकी. मग पवनचक्क्या, गलबते, खेळणारी मुले यांची नक्षी काढून नवीच भांडी जुन्या थाटात होऊ लागली. डच कारखान्यांत झाली, जर्मनीतल्या हानाऊ शहरातही झाली, आणि त्यांच्यावर जुन्या ठशांसारखे दिसणारे ठसे मारले गेले. ओळखायचे कसे? असा ठसा पाहिला की तो ओळीत, सरळ आणि फार नीटनेटका बसलेला दिसतो. खऱ्या जुन्या भांड्यावर ठसे जागा मिळेल तिथे वाकडेतिकडे पडलेले असतात. वापराने भांड्याची नक्षी झिजलेली आणि ठसा मात्र कोरा करकरीत, तर संशय घ्यावा. इंग्लंडात गेलेल्या मालावर तिथला आयातीचा शिक्का असतो, तोही सगळे पितळ उघडे पाडतो. त्याहून नामी लबाडी म्हणजे खऱ्या जुन्या चमच्यावरचा ठशाचा तुकडा कापून नव्या मोठ्या भांड्याच्या बुडाला झाळायचा. बाईंनी उपाय दाखवला. ठशावर तोंडाने वाफ सोडायची. वाफ उडत असताना झाळ असलेल्या जागी रेघ उमटते. भाचीने बसल्या जागी चमच्यावर तीन वेळा वाफ सोडली. रेघ काही दिसली नाही.

आणखी एक ठसा लोकांना चकवतो, तो कुऱ्हाडीचा. १८५३ ते १९२७ या काळात जुनी डच वस्तू पुन्हा विक्रीला आली की कराचा शिक्का म्हणून तिच्यावर कुऱ्हाड मारत. कुऱ्हाडीवरून वस्तू केव्हा घडवली ते कळत नाही, ती पुन्हा बाजारात केव्हा आली एवढेच कळते. म्हणजे वस्तू कुऱ्हाडीपेक्षा थोरली.

गावातून परतताना नदीकाठी बसून आम्ही डबा खाल्ला. समोरून मालाच्या लांबलचक होड्या जात होत्या. मी भाचीला विचारले की या चिखल-पाण्याच्या देशात चांदीची खाण कुठे आहे? कुठेच नाही. ती बाहेरून आली. दक्षिण अमेरिकेत, आजच्या बोलिव्हियात, पोतोसीचा डोंगर आहे. १५४५ मध्ये तिथे स्पॅनिश लोकांना चांदी सापडली. १५७३ पासून मिता नावाची वेठ लागू झाली. ठरलेल्या मुलखातल्या मूळ रहिवाशांपैकी सातवा हिस्सा पुरुष दरवर्षी पाळीने तिथल्या कामावर पाठवायचा. खाली भुयारात खोदणे, पाठीवर खनिज वाहून आणणे, वर पारा मिसळून चांदी वेगळी करणे. ही वेठ अडीचशे वर्षांच्या आसपास चालली. ती चांदी स्पेनमार्गे ॲमस्टरडॅमच्या बाजारात आली. तिचा काही भाग भांडी झाला, आणि फार मोठा भाग डच ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांतून आशियाकडे निघाला, कारण इकडचे कापड आणि मसाले घ्यायला त्यांच्याजवळ दुसरा माल फारसा नव्हता. कंपनीचे 'रोझवाइक' नावाचे गलबत जानेवारी १७४० मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडाले, त्यातून आपल्या काळात चांदीच्या लगडी आणि नाणी वर काढली गेली. याच कंपनीने १६३७ साली आपल्या वेंगुर्ल्याला वखार घातली होती. तिचे पडके अवशेष अजून आहेत. कोकणातल्या वाचकांनी ते पाहिलेही असतील.

भाचीच्या चमच्यातली चांदी पोतोसीची आहे असे मी म्हणत नाही. चांदी वितळते, मिसळते, पुन्हा घडते. कुठली कुठे गेली ते कुणालाच सांगता येणार नाही. ठसा गाव सांगतो, कारागीर सांगतो, परीक्षक सांगतो. खाली भुयारात कोण होते त्याचा रकानाच नाही.

ॲमस्टरडॅमला परत आल्यावर शेवटच्या दिवसांत पुन्हा वॉटरलूप्लेनच्या बाजूला गेलो. तिथून चालत पाच मिनिटांवर जुनी सिनेगॉगे आहेत. १६७५ चे पोर्तुगीज ज्यूंचे सिनेगॉग अजून प्रार्थनेचे आहे, आणि समोरच्या चार सिनेगॉगांच्या इमारतींत ज्यू संग्रहालय आहे. त्यांच्या धर्मग्रंथाच्या गुंडाळीला दोन दांडे असतात आणि दांड्यांच्या टोकांना घुंगुरवाले चांदीचे कळस बसवतात. जुन्या काळातले ॲमस्टरडॅमचे असे कळस तपासले तर त्यांच्यावर तीन फुल्या असतात आणि कारागिराचा ठसा ख्रिस्ती माणसाचा असतो. इतका श्रीमंत समाज, इतकी देखणी वस्तू, आणि ती घडवायला त्यांच्यात एक कारागीर नव्हता?

नव्हता, कारण असू दिला नव्हता. ॲमस्टरडॅमने ज्यूंना राहू दिले, प्रार्थना करू दिली, पण बहुतेक गिल्डांची दारे त्यांना बंद होती. गिल्डमध्ये नाव नाही तर पत्र्यावर ठसा नाही, आणि ठसा नाही तर चांदी घडवून विकायची नाही. मग ज्या धंद्यांना गिल्डच नव्हते तिथे ते गेले, हिऱ्याला पैलू पाडणे, तंबाखू, साखर. पिढ्यान्पिढ्या तेच केल्यावर बाहेरचे म्हणू लागले की यांना हेच जमते. जन्मावरून धंदा ठरणे ही काही एकट्या आपल्याच देशाची मिरास नाही, पण तिथे त्यावर पाणी केव्हा फिरले तेही पाहण्यासारखे आहे. २ सप्टेंबर १७९६ रोजी तिथल्या राष्ट्रीय सभेने ज्यूंना समान नागरिक हक्क दिले आणि १७९८ मध्ये गिल्डच रद्द झाली. ज्या चौकात ही सिनेगॉगे आहेत त्याला योनास डॅनियल मायर यांचे नाव आहे. ते त्या देशातले पहिले ज्यू वकील.

तोवर स्खोनहोव्हनच्या त्या व्यवस्थेचे मी मनातल्या मनात फार कौतुक करत होतो. भट्टी, मणी, अक्षर, सगळे किती चोख. ते चोख होतेच. पण चोख हिशेबाच्या वहीत कुणाचे खाते उघडायचे हे आधीच ठरलेले होते.

त्याच चौकात एका दणकट मजुराचा पुतळा आहे, बाह्या सरसावलेला, हात किंचित पुढे. गोदी कामगार म्हणून तो ओळखला जातो. जर्मनांनी देश बळकावल्यावर फेब्रुवारी १९४१ मध्ये याच चौकात शेकडो ज्यू तरुणांना पकडून नेले. त्याच्या निषेधार्थ २५ फेब्रुवारीला ॲमस्टरडॅमच्या ट्रामवाल्यांनी, गोदीवाल्यांनी, कारखान्यांतल्या कामगारांनी संप केला. दोन दिवसांत तो बळाने मोडला गेला. पुतळा १९५२ चा. दर २५ फेब्रुवारीला लोक तिथे फुले वाहतात.

पुढचे भाचीने सांगितले आणि तेव्हा चमच्यावरचे ते पाचवे अक्षर, कोरलेले 'पी', माझ्या डोळ्यांपुढे आले. लिपमन-रोझेन्थाल ही ॲमस्टरडॅमची ज्यू मालकीची, नाव असलेली पेढी होती. नाझींनी तिच्याच नावाने सार्फाती रस्त्यावर दुसरी कचेरी उघडली. नाव विश्वासाचे, आतला कारभार लुटीचा. आधी १९४१ मध्ये ज्यूंना पैसे आणि ठेवी तिथे भरण्याचा हुकूम निघाला. २१ मे १९४२ च्या हुकुमाने दागिने, सोने, चांदी, सगळे जमा करायचे झाले. सूट कशाला होती? लग्नाची अंगठी. दातांतले सोने. आणि घरातल्या माणशी चार नगांचा चांदीचा जेवणाचा संच. पाच माणसांचे घर असेल तर वीस नग ठेवा, एकविसावा भरा. कचेरीत नोंदी होत, याद्या होत. तिथेही कारकून बसत होते. लिहिणाऱ्यांनी रकाने नीट भरले असणार, याची मला खात्री वाटते आणि ती वाटताना बरे वाटत नाही. जमा झालेली चांदी विकली गेली, पुष्कळशी वितळवली गेली. माणसे रेल्वेने पूर्वेकडे नेली. नेदरलँड्समध्ये तेव्हा सुमारे १,४०,००० ज्यू होते, त्यांतले एक लाखाहून अधिक परत आले नाहीत.

वॉटरलूप्लेन आणि आजूबाजूच्या गल्ल्या म्हणजे त्यांचाच मोहल्ला, आणि तो बाजारही मूळ त्यांचा.

वीस्पर रस्त्यावर, तिथून जवळच, सप्टेंबर २०२१ मध्ये नावांचे स्मारक उघडले. विटांच्या भिंतींची वाट आहे. प्रत्येक वीट एका माणसाची. विटेवर नाव, जन्मतारीख आणि मृत्यूच्या वेळचे वय. अशा १,०२,००० हून जास्त विटा, आडनावांच्या वर्णानुक्रमाने. ज्यूंबरोबर सिंती आणि रोमा लोकांचीही नावे आहेत. वय ४. वय ७१. वय ० असलेल्याही विटा आहेत.

भाचीने पिशवीतून चमचा काढला आणि आम्ही 'पी'ची भिंत शोधली. मी तिला म्हटले की हे अक्षर आडनावाचेच असेल असे नाही. कुणा ख्रिस्ती बाईच्या रुखवताचा चमचा असेल, गेल्या महिन्यात कुणी घर आवरताना विकलेला असेल. ती म्हणाली, "माहीत आहे मामा." तरीही ती वाचत राहिली. एकट्या पोलाक आडनावाच्याच विटा संपता संपेनात. एका रांगेत एकाच घरातली असावीत अशी पाच नावे होती, वये ४१, ३८, १२, ९ आणि ३. तिने बोटांवर काही तरी मोजले. वीस नग, ती म्हणाली.

पाऊस सुरू झाला तसा तिने चमचा रुमालात गुंडाळला आणि आम्ही ट्रामच्या थांब्याकडे निघालो.